प्रश्न तुमचे: खरी गोम सांध्यात

पारदर्शक आणि वाकणाऱ्या इलेक्ट्रोडांबद्दल, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या थरांबद्दल, मागे या सदरात थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेते आहे. लांब पत्रांचा गाभा तेवढा ठेवला आहे. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. त्यांच्या फिल्म बनवण्यात माझी अकरा वर्षं गेली. त्यामुळे जे स्वतःच्या हातांनी शिकले, तिथे उत्तर लांबलं आहे.

पेन्सिलीचं शिसं काळं कुळकुळीत असतं. तुम्ही म्हणता, त्याच कार्बनचा थर दिला तर आरपार दिसतं आणि वीजही वाहते. काळी वस्तू पारदर्शक कशी होईल?
— एक शाळकरी वाचक

काळी वस्तू काळीच राहते. आपण ती फक्त इतकी पातळ करतो की प्रकाश अडवायला तिच्यात फारसं काही उरत नाही.

पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतंच, ग्राफाइट आणि चिकणमाती असते. ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या अणूंच्या षटकोनी जाळीचे पापुद्रे, एकावर एक रचलेले. दोन पापुद्र्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. एक मिलिमीटर जाडी भरायला जवळजवळ ३० लाख पापुद्रे लागतील. ते एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट पुन्हा पुन्हा सोलत शेवटी एकच पापुद्रा हाती घेतला आणि २००४ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. हा सुटा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. त्यासाठी दोघांना २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा एक पापुद्रा किती प्रकाश खातो, ते २००८ मध्ये मोजलं गेलं: २.३ टक्के. लाल प्रकाश असो की हिरवा, जवळजवळ तेवढाच. हा आकडा कुठून येतो ठाऊक आहे? वर्तुळाच्या गणितातला पाय (π, म्हणजे ३.१४) घे आणि त्याला १३७ ने भाग. तो १३७ म्हणजे प्रकाश आणि विद्युतभार यांचं नातं सांगणारा, निसर्गाच्या मुळाशी असलेला एक आकडा. एका काळ्या पापुद्र्याचा काळेपणा इतक्या मूलभूत गोष्टीने ठरतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले होते.

आता पुढचा हिशोब तू कर. एका थरातून ९७.७ टक्के प्रकाश पलीकडे जातो. दहा थरांतून सुमारे ७९ टक्के. शंभर थरांतून जेमतेम १० टक्के, आणि शंभर थर म्हणजे जाडी फक्त ३३ नॅनोमीटर. पेन्सिलीच्या ठळक रेघेत याच्या कितीतरी पट थर असतात.

टचस्क्रीनवर आज बहुतेक ठिकाणी इंडियम टिन ऑक्साइडचा थर असतो. बोलताना त्याला आयटीओ म्हणतात. तो मुळातच पारदर्शक आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पट्ट्यात उडी मारायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी दृश्य प्रकाशाच्या कणाकडे नसते, म्हणून प्रकाश शोषला न जाता पुढे निघून जातो. कार्बन मात्र प्रत्येक थरामागे थोडा प्रकाश खातोच. वीज जास्त वाहावी म्हणून थर वाढवले की अंधार वाढतो. या पानावरची बरीचशी पत्रं या एका ओढाताणीतून आली आहेत.

एक प्रयोग करून बघ. ६बी किंवा ८बी पेन्सिलीने कागदावर दोन सेंटिमीटरचा चौरस घोटून घोटून काळा कर. समोरासमोरच्या दोन कडांवर ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या घट्ट दाबून बसव आणि मल्टिमीटरने त्यांच्यातला रोध मोज. मग चार सेंटिमीटरचा चौरस तसाच घोट आणि मोज. दोन्ही आकडे बरेच जवळ येतील, कारण लांबी दुप्पट झाल्याने रोध जेवढा वाढतो तेवढाच रुंदी दुप्पट झाल्याने कमी होतो. म्हणून पातळ थराचा रोध 'ओहम प्रति चौरस' असा सांगतात आणि चौरस केवढा ते सांगत नाहीत. याला शीट रेझिस्टन्स म्हणतात. पुढच्या उत्तरांत नुसतं 'ओहम' लिहिलं असेल तिथे बहुतेक वेळा हाच अर्थ आहे.

दाबून चालणाऱ्या जुन्या धर्तीच्या टचस्क्रीन मी बारा वर्षं दुरुस्त करतो आहे. बहुतेक पॅनेल कडेच्या पट्टीतच निकामी होतात. वरून चरा दिसत नाही. असं का? आणि कार्बनची फिल्म आली तर हे थांबेल का?
— एक दुरुस्ती कारागीर

तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे, आणि त्याचं कारण मोजून दाखवता येतं.

अशा पॅनेलमध्ये खाली काच असते, वर पीईटी या प्लास्टिकची फिल्म. दोघींच्या आतल्या अंगाला आयटीओ, आणि त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये बारीक ठिपके. बोट दाबलं की फिल्म खाली झुकते आणि आयटीओला आयटीओ टेकतं. पॅनेलच्या मध्यावर फिल्मला झुकायला ऐसपैस जागा असते, तिचा बाक सौम्य राहतो. कडेला मात्र ती चौकटीला चिकटवलेली असते, त्यामुळे तेवढंच खाली जायला तिला अगदी थोड्या अंतरात वळावं लागतं.

वाकलेल्या फिल्मच्या पृष्ठभागावर किती ताण येतो याचं सूत्र सोपं आहे: फिल्मची जाडी भागिले बाकाच्या त्रिज्येची दुप्पट. फिल्म ०.२ मिलिमीटर जाडीची धरा. १० मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर पृष्ठभाग १ टक्का ताणला जातो, ५ मिलिमीटरवर २ टक्के. आयटीओ ही चिनीमातीच्या जातीची वस्तू. १ ते २ टक्के ताणाला तिला तडे जाऊ लागतात. तेही एका दाबाने नाही, तर त्याच जागी हजारो वेळा दाबल्यावर एकेक वाढत जातात. थरच मुळात पारदर्शक आणि केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा, मग तडा नुसत्या डोळ्याला दिसणार कसा?

पुढच्या वेळी असं पॅनेल उघडाल तेव्हा मधल्या भागात आणि कडेच्या पट्टीत सारख्याच अंतरावर टोकं ठेवून रोध मोजून पाहा. तडे वळणाच्या रेषेला समांतर असतात, म्हणून त्यांना ओलांडून मोजलेला रोध जास्त वाढलेला दिसेल. पट्टी पूर्ण मरण्याआधी दाबलेला बिंदू बाजूला सरकलेला दिसतो, कॅलिब्रेशन केलं तरी पुन्हा सरकतो. तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. थरातला व्होल्टेजचा उतार वाकडा झाल्याची ती खूण आहे.

नॅनोट्यूबच्या फिल्मला हे दुखणं सहसा होत नाही. तिच्यात सलग कडक थर नसतोच. लांबलचक धागे एकमेकांवर आडवेतिडवे पडून जाळं झालेलं असतं. फिल्म वाकली की धागे वळतात, जरा सरकतात, आणि एक वाट तुटली तरी वीज शेजारच्या वाटेने जाते. शिवाय दाबून चालणाऱ्या पॅनेलला काहीशे ओहम प्रति चौरस चालतात, आणि तेवढं कार्बन आरामात देतो. माझ्या मते नॅनोट्यूबसाठी याहून सोयीची जागा नाही. फक्त हा थर कारखान्यातच चढवावा लागतो, दुरुस्तीच्या टेबलावर तो बदलता येत नाही.

मग घडीचे फोन कसे टिकतात, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. वाकणाऱ्या थप्पीत एक पातळी अशी असते जी ताणलीही जात नाही आणि दबलीही जात नाही. नाजूक थर त्या पातळीजवळ आणून ठेवायचा, ही त्यातली एक युक्ती. दुसरी, सगळी थप्पीच पातळ करायची. वरच्या सूत्रात जाडी निम्मी करून पाहा, ताणही निम्मा होतो.

इंडियम संपत आलं आहे, म्हणून कार्बनला पर्याय नाही, असं वाचलं. खरं आहे का?

नाही. इंडियमचा शोध १८६३ मध्ये फ्रायबेर्ग इथे फर्डिनांड राइख आणि थिओडोर रिश्टर यांनी लावला. राइख यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपटातली निळसर-जांभळी रेघ रिश्टर यांनी पाहिली आणि त्या रंगावरून नाव पडलं. हा धातू मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणात जोडीला मिळतो, त्यामुळे त्याचा पुरवठा जस्ताच्या मागणीवर हेलकावे खातो. ही अडचण खरी आहे, पण संपणं वेगळं. शिवाय लागतो किती? एका चौरस मीटरवर १०० नॅनोमीटर जाडीचा आयटीओचा थर म्हणजे सुमारे ०.७ ग्रॅम, त्यात इंडियम अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. थर चढवताना जो माल काचेवर पडत नाही, तो गोळा करून पुन्हा वापरतात. कार्बनची बाजू मांडायची तर वाकण्याच्या गुणावर मांडावी. टंचाईच्या धाकावर नको.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सिंगल-वॉल (एका भिंतीच्या) नॅनोट्यूबची फिल्म करते आहे: सर्फॅक्टंटच्या (साबणासारख्या रसायनाच्या) पाण्यात विखुरणं, गाळणं, पीईटीवर उतरवणं. पहिलं मोजमाप ४१० ओहम प्रति चौरस. नायट्रिक ॲसिडमध्ये बुडवल्यावर १३०. बारा दिवसांनी ३०० च्या वर. पारदर्शकता ८५ टक्के, ती तशीच आहे. चूक कुठे होते आहे? नळ्या अजून सुट्या करण्यासाठी आणखी तासभर अल्ट्रासॉनिक प्रोबखाली ठेवू का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तुम्ही कदाचित उद्याच ते कराल. नका ठेवू.

प्रोब ध्वनीच्या कंपनांनी नळ्यांचे जुडगे सोडवतो हे खरं, पण त्याबरोबर नळ्या तोडतोही. आणि या कामात लांबीला फार किंमत आहे. पृष्ठभागावर काड्या विखुरल्या तर कितव्या काडीला या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट तयार होते, याचं गणित झालेलं आहे: दर क्षेत्रफळामागची काड्यांची संख्या गुणिले लांबीचा वर्ग हा गुणाकार ५.६ च्या वर गेला की वाट जुळते. २ मायक्रोमीटरच्या नळ्या असतील तर दर चौरस मायक्रोमीटरला १.४ नळ्या हव्यात. १० मायक्रोमीटरच्या असतील तर ०.०५६ पुरतात. लांबी पाचपट झाली, नळ्यांची गरज पंचवीस पटींनी उतरली. नळ्या कमी म्हणजे शोषला जाणारा प्रकाशही कमी. तासभराच्या प्रोबने तुम्ही हे सगळं उलट दिशेने घालवाल.

आता मूळ दुखणं. बिनदोष धातूगुणी नॅनोट्यूबचा कमीत कमी रोध सुमारे ६,५०० ओहम असतो, मग ती कितीही आखूड असो. हा साधा रोध आहे, प्रति चौरस नाही. दोन नळ्या जिथे एकमेकींवर नुसत्या टेकतात, त्या सांध्याचा रोध लाखाच्या घरात जातो, जुडगे असतील तर त्याहूनही वर. शिवाय मिसळीच्या मालात साधारण एक तृतीयांश नळ्या धातूगुणी आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात. धातूगुणी नळी अर्धवाहक नळीला भेटते तिथे इलेक्ट्रॉनांपुढे उंबरठा उभा राहतो आणि तो सांधा आणखी वाईट होतो. म्हणजे तुमच्या फिल्ममध्ये वीज नळीतून सरसर धावते आणि प्रत्येक सांध्यावर रांगेत उभी राहते. ४१० ओहममधला बहुतेक वाटा सांध्यांचा आहे, नळ्यांचा नाही.

नायट्रिक ॲसिडने काय केलं? तीन गोष्टी एकदम केल्या. नळ्यांतून इलेक्ट्रॉन ओढून घेतले, त्यामुळे अर्धवाहक नळ्यांतही वाहून नेणारे धनभार वाढले. सांध्यावरचा उंबरठा खाली आणला. आणि सांध्यांमध्ये अडकलेला सर्फॅक्टंट धुऊन काढला. यातली तिसरी कायमची आहे, पहिल्या दोन उसन्या. ॲसिडचे रेणू नळ्यांवर नुसते बसलेले असतात, हवेत हळूहळू उडून जातात, उष्णतेत लवकर जातात. तुमचा आकडा १३० वरून ३०० वर आला पण ४१० ला परत गेला नाही, यातून मी असं वाचते की धुतल्याचा फायदा बराचसा टिकला आहे आणि उसना फायदा बराच ओसरला आहे, कदाचित अजून थोडा ओसरेल. तुमच्या हातून चूक अशी झालेली नाही. बुडवलेल्या दिवशीच्या आकड्याला फिल्मचा आकडा समजलात, एवढंच.

मी हे महागात शिकले. सौरघट बनवणाऱ्या सहकाऱ्यांना मी १०५ ओहमच्या बारा फिल्म दिल्या होत्या. त्यांनी त्यावर पुढचे थर चढवून १२० अंश सेल्सियसला भाजले. घट नीट चालले नाहीत, आणि तीन आठवडे ते स्वतःच्या थरांत दोष शोधत राहिले. अखेर त्यांनी एक कोरी फिल्म तशीच भाजून मोजली तर २४०. मी फिल्म देताना भाजून मोजलं असतं तर त्यांचे ते तीन आठवडे वाचले असते. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक फिल्मसमोर तीन रकाने आहेत: बनवल्या दिवशी, भाजल्यावर, महिन्याने. कोणाला आकडा सांगायचा असेल तर तिसरा.

तुम्ही काय करावं? ॲसिडच्या आधी फिल्म पाण्याने भरपूर धुवा. तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ धुवा. सर्फॅक्टंट काढण्याचं श्रेय पाण्याला द्या आणि तेव्हाचा आकडा वेगळा लिहा. फिल्म गाळणीवर बनवता हे उत्तम. फ्लोरिडा विद्यापीठात अँड्र्यू रिन्झलर यांच्या गटाने २००४ मध्ये हीच पद्धत मांडली होती. तिचं सौंदर्य असं की फिल्म स्वतःच स्वतःला समतल करते: जिथे थर जाड झाला तिथून पाणी कमी झिरपतं, म्हणून पुढच्या नळ्या पातळ जागेकडे ओढल्या जातात. गाळणी सेल्युलोज एस्टरची असेल तर शेवटी ॲसिटोनमध्ये विरघळते. तिचा अंश राहू देऊ नका, ॲसिटोन दोनतीनदा बदला. टिकाऊ डोपिंग (असं इलेक्ट्रॉन ओढून वाहकता वाढवणं) हवं असेल तर मॉलिब्डेनम ऑक्साइडचा पातळ थर करून पाहा. तोही इलेक्ट्रॉन ओढतो, पण घन असल्यामुळे ॲसिडसारखा उडून जात नाही.

मोजमापाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून विचारते. चार टोकांचा प्रोब वापरता ना? दोन टोकांच्या मीटरने टोक आणि फिल्म यांच्यामधला रोधही मिसळतो. चार टोकं ओळीत, सारख्या अंतरावर असतील तर व्होल्टेज भागिले करंट याला ४.५३ ने गुणतात, पण ते फिल्म मोठी असतानाच. गोल फिल्मचा व्यास टोकांमधल्या अंतराच्या ४० पट असेल तर चूक १ टक्क्याच्या आत राहते. दहापटच असेल तर गुणक ४.१७ होतो. गाळणीवरच्या चकत्या लहान असतात, त्यामुळे बरेच विद्यार्थी इथे स्वतःच्या फिल्मला ८–९ टक्क्यांनी वाईट ठरवतात.

आणि रोध कधीही एकटा लिहू नका, शेजारी पारदर्शकता हवीच. दोन्ही मिळून एक आकडा काढता येतो: थेट प्रवाहाची वाहकता भागिले प्रकाशाच्या वारंवारतेची वाहकता. त्यासाठी पारदर्शकतेचं वर्गमूळ काढा, १ ला त्याने भागा, त्यातून १ वजा करा. मग १८८.५ ला शीट रेझिस्टन्सने भागून जे येईल, त्याला या उरलेल्या आकड्याने भागा. हे गुणोत्तर जितकं मोठं तितकी फिल्म चांगली. तुमचं १३० ओहमला सुमारे १७ येतं, ३०० ओहमला ७. ९० टक्के पारदर्शकतेला १०० ओहम मिळवायचे तर ३५ लागतं. रिन्झलर गटाच्या ५० नॅनोमीटर जाडीच्या फिल्मचा रोध ३० ओहम होता आणि तिच्यातून ७० टक्क्यांहून जास्त प्रकाश जात होता, म्हणजे गुणोत्तर ३० च्या वर. तुम्हाला जायचंय ती जागा तिथे आहे, आणि तिथली वाट लांब नळ्या आणि स्वच्छ सांधे यांतून जाते.

ग्राफीन सगळं बदलून टाकणार, असं मी पंधरा वर्षं ऐकतो आहे. माझ्या हातातल्या फोनच्या पडद्यात ते का नाही?

कारण एक पापुद्रा मोठा वाढवणं जमलं, पण तो जागचा हलवणं अवघड आहे.

वाढवण्याची गोष्ट खरोखर अभिमानाची आहे. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या गटाने तांब्याच्या फॉइलवर, सुमारे १००० अंशांना, मिथेन वायूतून ग्राफीन वाढवलं. तांब्यात कार्बन फारसा विरघळत नाही, म्हणून एक पापुद्रा झाला की वाढ जवळपास आपोआप थांबते. पुढच्याच वर्षी दक्षिण कोरियात, संगक्युनक्वान विद्यापीठ आणि सॅमसंग यांच्या संशोधकांनी ३० इंची फिल्म एका रोलरवरून दुसऱ्या रोलरवर नेत उतरवून दाखवली. एका थराला १२५ ओहम आणि ९७.४ टक्के पारदर्शकता. चार थर एकावर एक ठेवून डोप केले तेव्हा ३० ओहम आणि सुमारे ९० टक्के.

हे आकडे मागच्या उत्तरातल्या सूत्रात घाला. एका थराचं गुणोत्तर ११५ च्या आसपास येतं. चार थरांचं? तेही ११५ च्या आसपास. थर वाढवून रोध उतरला, पण त्याची किंमत प्रकाशात पुरेपूर मोजली गेली, ग्राफीन जिथल्या तिथे राहिलं. काचेवरचा चांगला आयटीओ १० ओहमला ९० टक्के देतो, त्याचं गुणोत्तर ३५० च्या घरात. पडद्याच्या किंवा सौरघटाच्या इलेक्ट्रोडला दहाएक ओहम लागतात, आणि तिथे हा फरक झाकता येत नाही.

मग तो पापुद्रा तांब्यावरून प्लास्टिकवर न्यायचा. वर प्लास्टिकचा आधार द्या, खालचं तांबं रसायनात विरघळवा, उरलेलं तरंगतं पटल नव्या जागी टेकवा, आधार काढा. यात सुरकुत्या पडतात, भोकं पडतात, आधाराचे अवशेष चिकटून राहतात. शिवाय मोठं ग्राफीन एकसंध स्फटिक नसतं, अनेक तुकडे वाढत वाढत एकमेकांना भिडलेले असतात. त्या भिडण्याच्या रेषांवर वीज अडते. नॅनोट्यूबमध्ये सांधा नळ्यांचा होता, इथे तो तुकड्यांचा आहे. दुखणं तेच.

ग्राफीन ऑक्साइडचा मार्ग स्वस्त वाटतो. ग्राफाइटला ऑक्सिडाइझ करायचं, पाण्यात विखुरायचं, शाईसारखं पसरायचं, मग ऑक्सिजन काढून टाकायचा. पण ऑक्सिजन निघताना जाळीत भगदाडं राहतात आणि रोध बहुधा हजारांत जातो. पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी मी तो मार्ग कोणालाही सुचवणार नाही.

दरम्यान बाकीचे थांबले नाहीत. चांदीच्या नॅनोतारा आणि धातूची बारीक जाळी दहा-वीस ओहम सहज देतात आणि वाकतातही. त्यांची दुखणी निराळी: तारांमुळे पडदा धूसर वाटू शकतो, चांदीला हवेतलं गंधक खातं. कार्बन धूसरही करत नाही आणि काळाही पडत नाही, तो आधीच काळा आहे. म्हणून मला आशा वाटते ती कार्बन आणि चांदीच्या जोडीबद्दल: तारा वीज वाहतील, ग्राफीन त्यांच्यावर पांघरूण घालून गंजू देणार नाही आणि तारांमधल्या मोकळ्या जागा भरून काढेल. निव्वळ कार्बनला आज काम आहे ते जिथे आकार खोलगट किंवा गोलसर आहे आणि रोध शंभराच्या वर चालतो तिथे. वळणदार पृष्ठभागावरचे टच-सेन्सर, काचेवरचं दव किंवा बर्फ घालवणारे पारदर्शक हीटर. फिनलंडची कनातू ही कंपनी अशाच कामांसाठी नॅनोट्यूबच्या फिल्म बनवते. तिथे नळ्या वायूतच वाढवून थेट कोरड्या गोळा करतात. पाणी नाही, सर्फॅक्टंट नाही, प्रोब नाही. नळ्या लांब राहतात, सांधे स्वच्छ राहतात.

माझा मुलगा नॅनोट्यूबवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत रुजू होतो आहे. या नळ्या ॲस्बेस्टॉससारख्या असतात असं ऐकलं. खरं का?
— एक आई

काही जातींबाबत काळजी खरी आहे. २००८ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात, लांब आणि ताठ अशा अनेक-भिंती नळ्यांनी पोटाच्या पोकळीच्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारखी सूज आणि गाठी आणल्या. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ च्या मूल्यमापनात एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका विशिष्ट प्रकाराला माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्या, २बी या वर्गात घातलं. बाकी नळ्यांबद्दल वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही असं म्हटलं. अमेरिकेच्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये आठ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सुचवली. ती फार कडक आहे, आणि तशीच असायला हवी.

तयार फिल्मला हात लावण्यात मला भीती वाटत नाही, तिथे नळ्या चिकटून बसलेल्या असतात. भीती कोरड्या पावडरीची. ती इतकी हलकी असते की बाटलीचं झाकण झटक्यात उघडलं तरी काळा धूर उठतो. दुसरी जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: अल्ट्रासॉनिक प्रोब चालू असताना भांड्यावर जे तुषार उडतात, त्यांतही नळ्या असतात. आमच्याकडे प्रोब बंद पेटीत ठेवलेला असे, पावडर ग्लोव्हबॉक्समध्येच (आत हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) तोलली जाई, आणि सांडलं तर ओल्या कापडाने टिपायचं, झाडू लावायचा नाही, हा नियम दारावर लावलेला होता.

मुलाला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी विचारायला सांगा: कोरडी पावडर कुठे तोलतात, आणि वापरलेली गाळणी व हातमोजे कुठे टाकतात. दोन्हींसाठी ठरलेली, झाकलेली जागा त्याला दाखवता आली नाही, तर ती जागा होईपर्यंत त्याने द्रवात विखुरलेल्या नळ्याच मागवून घ्याव्यात. त्या तशा तयार विकत मिळतात.